एक तास बावन्न मिनिटं

साहेब, तुम्ही माझ्या नावावर खोटं लिहिलंत.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात "स्टॉपवॉचच्या साहाय्याने प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली असता" असे शब्द आहेत. ते स्टॉपवॉच मी. मला साक्षीदार केलंत आणि मी जे बोललोच नाही ते माझ्या तोंडी घातलंत. वर सही, शिक्का आणि जावक क्रमांक.

मित्रांनो, दचकू नका. मोठ्या माणसावर ओरडून गोष्ट सुरू करायची नसते, हे मलाही कळतं. आधी ओळख, मग जन्म, मग उपयोग आणि शेवटी चार शब्द उपदेशाचे, अशी रीत आहे. पण खोट्या साक्षीचा डाग लागला की रीतभात सुचत नाही. तरी तुमच्यासाठी क्रमाने सांगतो. साहेबांनीही ऐकलं तर बरंच.

मी एक जुनं, चावी द्यायचं स्टॉपवॉच आहे. मुठीत मावेन एवढा. मोठा काटा साठ सेकंदांत एक फेरी घालतो, छोटा काटा अर्ध्या तासात. डोक्यावर बटण आहे आणि कुशीत एक बारीक खटका. खटका सरकवला की मी होतो तिथे थांबतो, परत सरकवला की तिथूनच पुढे चालतो. हा खटका लक्षात ठेवा. सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बायका डोळ्याला भिंग लावून बसायच्या. त्यातल्या एकीने केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने माझ्या पोटात बसवली, तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता, कारण फुंकर लागली असती तर स्प्रिंग उडालीच असती. मग तिने मला कानाला लावलं आणि शेजारणीला म्हणाली, "बोलायला लागलं गं." माझ्याबद्दल कोणी काढलेला तो पहिला शब्द.

पुढची बरीच वर्षं मी एका शाळेच्या खेळाच्या सरांच्या गळ्यात होतो. शर्यतीच्या दिवशी माझा काय रुबाब असायचा! एकदा एक बाप मैदानावर बाह्या सरसावून आला, "माझीच मुलगी पहिली आली" म्हणत. सरांनी त्याला माझी तबकडी दाखवली. बघता बघता बाह्या खाली आल्या. एक पंचमांश सेकंदासाठी माणसं माझ्यावर विश्वास ठेवत होती, साहेब.

मग एकदा मी सिमेंटच्या पायरीवर आपटलो. काचेला पस्तीसपासून साठपर्यंत तडा गेला. तोवर आकडे दाखवणारी नवी स्टॉपवॉच आली होती. माझी रवानगी कपाटात झाली, छातीवर लावायचे नंबर आणि फुटकी शिट्टी यांच्या सोबतीला. किती वर्षं गेली मोजली नाहीत. मला चावी द्यायलाच कोणी नव्हतं.

आणि मग बाई आल्या.

शाळेत बायका पुष्कळ होत्या, पण नुसतं "बाई" म्हटलं की सगळ्यांना कळायचं, ती जिन्याखालच्या वर्गातली. ज्या मुलांना बोलता येत नाही, एका जागी बसवत नाही, हात स्वतःचे असून ऐकत नाहीत, त्यांना शिकवणारी. खोली अर्धी वर्गाची, अर्धी मोडक्या बाकांची. जिन्यावरून मधल्या सुट्टीत चारशे पोरं धडधडत उतरली की खालची सतरा पोरं कान दाबून किंचाळायची. नियमात एका शिक्षकाला आठ मुलं लिहिली होती. नियम हेडसरांच्या खोलीत, काचेच्या फ्रेममध्ये होता.

बाईंनी आल्या आल्या यादी दिली. एक पूर्ण वेळ मदतनीस, कमोडची खुर्ची, जाड गादी, एक पडदा आणि मुलं आठच. महिन्याभराने यादीच्या बदल्यात मी आलो, आणि हवा गेलेला एक चेंडू.

"सध्या एवढं घ्या, बाई," हेडसर म्हणाले. "बाकीचं वर पाठवलंय."

दारात झाडू घेऊन उभी असलेली शाळेची मावशी म्हणाली, "वर गेलेलं परत आलेलं मी तरी अजून बघितलं नाही."

हेडसरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते त्यांना फार छान जमायचं.

बाईंनी मला साडीच्या पदराने पुसलं आणि चावी दिली. मी टिकटिकलो. आणि मग मला समजलं की आयुष्यभर मी किती सोपं काम करत होतो. पळणारं पोर मोजणं यात काय आहे? बाई बसणारं पोर मोजायच्या.

वर्गात एक मुलगी होती. तिची खुर्ची कोणी पुसल्याशिवाय ती बसायची नाही, म्हणून मावशीने तिचं नाव राणीसरकार ठेवलं होतं. आईबाप दूरच्या शहरात कामाला, ही आजोबांजवळ. आजोबा शिंपी. राणीसरकारांना एक शब्द बोलता येत नव्हता, पण रुसणं, हुकूम सोडणं आणि माफ करणं हे सगळं भुवईने व्हायचं. पहिल्या दिवशी बाईंनी तिच्यापुढे दोरा आणि सहा मोठे मणी ठेवले. तिची नजर मण्यावर गेली, बाईंनी मला सुरू केलं. नजर खिडकीकडे गेली, खटका सरकला. नजर परत आली, खटका सरकला. अर्ध्या तासाच्या शेवटी बाईंनी तबकडी पाहिली आणि वहीत लिहिलं, सहा सेकंद.

सहा सेकंद! मी ओशाळलो. एवढ्यात तर शर्यतीत पोरांचा पहिला दमही जात नाही. बाई मात्र खूश होत्या. त्या मावशीला म्हणाल्या, "बघा, येतं लक्ष. आहे आत कोणीतरी."

मित्रांनो, या कामात असंच मोजतात. बाई वर्गात किती वेळ उभ्या होत्या ते कोणी मोजत नाही. मुलाचं मन कामावर किती वेळ टिकलं, तेवढंच मोजायचं. बाकी सगळा वेळ खटका बंद. तीन वर्षांत राणीसरकार सहा सेकंदांवरून चार मिनिटं दहा सेकंदांवर आल्या. सहाच्या सहा मणी ओवून त्यांनी माळ मावशीच्या गळ्यात टाकली, तेव्हा मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता या मला नोकरीवर ठेवून घेणार."

मला आणखी एक काम होतं. राणीसरकारांना महिना-दीड महिन्याने झटका यायचा. अंग ताठ व्हायचं, डोळे फिरायचे. बाई आधी माझं बटण दाबायच्या, मगच गुडघ्यावर बसून तिला कुशीवर वळवायच्या. पहिल्यांदा हे बघून मावशी भडकली.

"पोर तडफडतंय आणि तुम्ही घड्याळ काय बघताय?"

"मावशी, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबायचे नाहीत, घड्याळ बघायचं," बाई तिच्या डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सारत म्हणाल्या. "पाच मिनिटांत थांबलं तर घरी. पुढे गेलं तर लगेच दवाखाना. आणि भ्यालेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं. म्हणून भ्यायच्या आधी बटण."

त्या दिवसापासून मावशीही शिकली. ती कागदोपत्री सगळ्या शाळेची झाडलोट करणारी. बाईंच्या वर्गासाठी तिची कोणी नेमणूक केली नव्हती. ती आपली येत होती.

आता बाईंच्या नोकरीचं ऐका. बाई नऊ वर्षं नवीन होत्या. दरवर्षी अकरा महिन्यांचा करार, मग एक महिना त्या शाळेच्या कोणीच नाहीत, मग पुन्हा पहिल्या दिवसापासून नवीन. "आपली नेमणूक निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची आहे." असे नऊ कागद त्यांच्या कपाटात आहेत. मुलगी झाली तेव्हा करारात बाळंतपणाची रजा नव्हती. दीड महिन्याचं बाळ सासूकडे ठेवून त्या वर्गात आल्या आणि दुसऱ्यांच्या पोरांना भरवत बसल्या. इतर शिक्षकांना ताप आला की ते आजारी पडतात. बाईंना ताप आला की त्या गैरहजर.

आणि एक दिवस शिक्षण विभागातून तुमचं परिपत्रक आलं, साहेब. "विशेष शिक्षकांच्या कार्यभाराचे वेळमापन." पाच दिवस, रोजचे आकडे. एकच रकाना होता: प्रत्यक्ष अध्यापनाचा वेळ, मिनिटांत.

हेडसर कागद घेऊन जिन्याखाली आले. "बाई, सहा तास लिहून मोकळ्या व्हा. सगळ्या शाळा तेच लिहितायत."

"अंदाजाने कसं लिहू, सर? माझ्याकडे स्टॉपवॉच आहे."

"अहो, कशाला खोलात शिरताय?"

"मोजायचंच म्हणतायत ना? मग मोजून देते."

चूक बाईंची होती. मी त्यांचा असलो तरी ते लपवणार नाही. पण अशी चूक फक्त या कामात मुरलेलं माणूसच करू शकतं. "प्रत्यक्ष अध्यापन" म्हटल्यावर त्यांच्या मनात दुसरा अर्थ आलाच नाही. मूल शिकतंय तेवढाच वेळ शिकवणं, असं त्यांना वीस वर्षांपूर्वी प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. पाच दिवस त्या मला गळ्यात घालून फिरल्या. सतरापैकी कोणाचीही नजर कामावर आली की मी चालू, हटली की बंद. शेवटी सरासरी आली: रोज एक तास बावन्न मिनिटं.

त्या दिवशी बाई हरखून गेल्या होत्या. "गेल्या वर्षी हेच मोजलं होतं तेव्हा एक तास दहा होता, मावशी! बेचाळीस मिनिटं वाढली!" त्यांनी तेही कागदावर लिहिलं, खाली, बारीक अक्षरात. साहेब, ती ओळ तुम्ही वाचली होती का?

मावशीने कागद उलटसुलट केला. "बाई, हे वर कळेल का?"

"न कळायला काय झालं? शिकलेली माणसं आहेत."

मावशी बादली उचलून गेली.

दोन महिन्यांनी पत्र आलं. हेडसरांनी ते बाईंना उभ्या उभ्या वाचून दाखवलं. नेहमी ते नुसतं हातात देतात. स्टॉपवॉचच्या साहाय्याने प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली असता विशेष शिक्षिकेचे दैनंदिन काम एक तास बावन्न मिनिटे आढळून आले. सबब पुढील वर्षापासून नेमणूक तासिका तत्त्वावर, प्रत्येक शाळेत दोन तास, अशा तीन शाळा. उरलेल्या वेळात मुलांनी सर्वसाधारण वर्गात बसावे. त्या दुसऱ्या दोन शाळांतल्या विशेष शिक्षिकांची गरज उरत नाही. आणि शेवटी कलम नऊ: मागील सेवेच्या आधारे कोणताही हक्क सांगणार नाही, असे शिक्षिका लिहून देत आहे.

"म्हणजे माझ्या आकड्याने त्या दोघींची नोकरी गेली?" बाईंनी विचारलं.

हेडसर म्हणाले, "मी म्हटलं होतं, सहा तास लिहा."

हे वाक्य मला आजही टोचतं. खोटं लिहिणारे सगळे सुखरूप होते.

बाई तुमच्याकडे आल्या, साहेब. मी त्यांच्या पर्समध्ये होतो. बाहेरच्या बाकावर आम्ही पावणेदोन तास बसलो. आत तुम्ही एकटेच होतात, दार अर्धं उघडं होतं. तुम्ही कोणाच्या तरी फोनची वाट बघत होतात. तो वेळ तुमच्या कामात धरला जातो की नाही, हे मला विचारायचंय.

तुम्ही वाईट बोलला नाहीत. "बसा, बाई. आकडा तुमचा, सही तुमची. मी काय घरून आणला?"

"साहेब, तो मुलांचं लक्ष किती टिकलं त्याचा आकडा आहे. आमच्यात तसंच मोजतात."

"रकान्यात काय लिहिलंय? प्रत्यक्ष अध्यापन. बरोबर? मग शाळा सहा तासांची. बाकीचे चार तास आठ मिनिटं तुम्ही काय करत होतात?"

"शौचाला नेत होते. कपडे बदलत होते. दोघांना नीट गिळता येत नाही, त्यांना एकेक घास भरवत होते. एक जण भिंतीवर डोकं आपटतो. भिंत आणि डोक्याच्या मधे हात धरून बसले होते." बाईंनी तुम्हाला हाताची पाठ दाखवली. तुम्ही कागदांकडे बघितलंत. "आणि उरलेला वेळ थांबले होते."

"थांबला होतात?"

"लक्ष यायची वाट बघत. ते हाक मारून येत नाही, साहेब. आणि ते येईल तेव्हा मी समोर नसले, तर आलेलं फुकट जातं."

तुम्ही हसलात. हसण्यात दुष्टपणा नव्हता, म्हणूनच माझी स्प्रिंग पिळवटली. "बाई, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण थांबण्याला आमच्याकडे रकाना नाही."

मग रकाना आखा ना! एक पट्टी आणि एक पेन्सिल लागते. कोणाच्या नऊ वर्षांवर बोळा फिरवायला तुम्हाला कागद सापडला, एक उभी रेघ ओढायला सापडला नाही?

बाई उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी आल्या आल्या त्यांनी मला मावशीच्या हातात दिलं. "मावशी, आज खटक्याला हात लावायचा नाही. शाळा सुटेपर्यंत चालू ठेवायचं. मधे चावी देत राहायची."

"आणि लिहायचं कुठे?"

"दारामागे."

माझ्या छोट्या काट्याची एक फेरी पूर्ण झाली की मावशी दारामागे खडूची एक रेघ ओढायची. मूल आलं, रेघ. मूल चावलं, रेघ. जेवणाच्या सुट्टीत बाईंचा डबा उघडा राहिला आणि दुसऱ्याचे कपडे बदलले, रेघ. शाळा सुटली तेव्हा तेरा रेघा झाल्या होत्या. साडेसहा तास.

बाईंनी मला तसंच चालू घरी नेलं. घरात दोनच खोल्या. नवरा फ्रिज दुरुस्त करतो, तो एका उघड्या फ्रिजमध्ये डोकं घालून बसला होता. जेवणं आटोपून बाई मुलांचे आराखडे घेऊन बसल्या. प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा लागतो, चौदा पानांचा. हा नियम मात्र तुम्ही फ्रेममध्ये ठेवत नाही, तपासायला येता. आठ वर्षांची लेक माझ्यावर पहारा करत होती. आराखडे उघडल्यापासूनच्या रेघा वहीच्या मागच्या पानावर ओढत तिने विचारलं, "आई, तू जेवायला किती वेळ बसलीस माहितीये? अकरा मिनिटं."

"बरं, मग?"

"मग काही नाही. त्या राणीसरकारला तू अर्धा तास भरवतेस, असं मावशी सांगत होती."

फ्रिजमधून आवाज आला, "पकडली गेलीस."

बाई हसल्या, पण पेन थांबलं. लेकीच्या पानावर पाच रेघा झाल्या. सगळ्या मिळून अठरा. नऊ तास. हा माझा खरा जबाब आहे, साहेब. हाही कागद तुमच्याकडे नोंदणी टपालाने आलाय. पोचपावतीवर तुमच्या कार्यालयाची सही आहे.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली. हेडसर म्हणाले, "सही करा, बाई. नाहीतर ही जागाच जाईल, मग दोन तासही नाहीत." राणीसरकारचे आजोबा आले. गळ्यात मापाची टेप तशीच होती. बराच वेळ टेपेचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"बाई, सही करू नका, असं सांगायला निघालो होतो," ते म्हणाले. "पण नाही केलीत, तर नातीला कोण? म्हणून तेही तोंडातून निघेना. तुम्ही बघा."

"काका, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी? मी कापड कमी आलं तर कपडा शिवतच नाही. पण ते कापड असतं."

बाईंनी कलम नऊवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: "पत्रातील आकडा मुलांच्या लक्षाचा आहे, माझ्या कामाचा नाही. माझी नऊ वर्षे मला मान्य आहेत." खाली सही केली. निर्णय येईपर्यंत तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे काम करते, असंही लिहिलं. सकाळी दोन तास इथे, मग दुसरी शाळा, मग तिसरी. तिन्ही मिळून एकोणपन्नास मुलं. मी शाळेच्या मालकीचा, जडवस्तूंच्या यादीतला, म्हणून मी जिन्याखालीच खिळ्यावर राहिलो. बाई निघाल्या की खोलीला कुलूप लागायचं आणि मुलं वरच्या वर्गांत वाटली जायची. मावशी जाता येता म्हणायची, "खोलीला कुलूप आणि पोरांना मोकळं रान. हुशार हो!"

तुमचं उत्तर आलं: "अटींसह केलेली सही ग्राह्य नाही. शुक्रवारपर्यंत विनाअट सही न केल्यास जागा रिक्त समजण्यात येईल."

ते आलं सोमवारी. मंगळवारी दुपारी, बाई तिसऱ्या शाळेच्या वाटेवर बसमध्ये असताना, वरच्या एका वर्गात राणीसरकार बाकावरून खाली पडली.

त्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. तिथल्या शिक्षिका चांगल्या आहेत, मी त्यांना बोल लावणार नाही. त्यांना कोणी काही शिकवलंच नव्हतं. त्या घाबरल्या. कोणी हात दाबून धरले, कोणी तोंडात चमचा घालायला गेलं. पोरं ओरडायला लागली. मावशी खालच्या मजल्यावर फरशी पुसत होती. तिने आवाज ओळखला. ती आधी माझ्याकडे धावली. कुलूप! किल्ली हेडसरांच्या टेबलावर. किल्ली आणून, दार उघडून, मला खिळ्यावरून ओढून, ती जिना चढता चढता बटण दाबायला गेली आणि थबकली. कुठून मोजायचं? तरी दाबलं. चमचा हिसकावून फेकला आणि पोरीला कुशीवर वळवलं.

झटका थांबला तेव्हा मी तीन मिनिटं दहा सेकंद दाखवत होतो.

दवाखान्यात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ चालला?"

मावशीने मला पुढे केलं. "माझ्या हातात आल्यापासून एवढा. त्याच्या आधीचं कोणालाच माहीत नाही, डॉक्टर. कोणी म्हणतं दोन मिनिटं, कोणी म्हणतं दहा."

"मग मला दहा धरूनच चालावं लागेल," डॉक्टर म्हणाला.

आजोबा दुकान उघडं टाकून आले होते. बाई तिसऱ्या शाळेतून धावत आल्या. त्या तासाची त्यांची गैरहजेरी लागली आहे, ती तुमच्या टेबलावर पोचेलच. राणीसरकार वाचली. ओठ आतून फाटला, एक दात हलला. बुधवारपर्यंत ठेवून घेतलं आणि औषधाचा डोस वाढवला. आज सकाळी ती वर्गात आली. मावशीने खुर्ची पुसली. ती न बघताच बसली. बाईंनी मणी ठेवले. मी हातात तयार होतो. तिची मान छातीवर झुकली. बाई थांबल्या, खूप वेळ थांबल्या. मला सुरू करायची वेळ आलीच नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीत शेवटी सांगतात की जुन्या वस्तू जपा. माझी काच फुटली तरी चालेल, मला कपाटात टाकलंत तरी हरकत नाही. उद्या मोठे होऊन खुर्चीवर बसलात आणि कोणाच्या कामाचा आकडा समोर आला, तर एवढंच करा: सही करण्याआधी त्या माणसाला बोलावून विचारा, यात नेमकं काय मोजलंय? विचारायला एक मिनिट लागतं. खात्रीने सांगतो.

आणि साहेब, आज गुरुवार आहे. बाईंनी उद्यापर्यंत सही करायची आहे. त्या आधी तुम्ही एका गोष्टीचं लेखी उत्तर द्या. फोनवर नको, तोंडी नको, "वर पाठवलंय" तर मुळीच नको. मंगळवारी दुपारी राणीसरकार जमिनीवर पडल्यापासून मावशी जिना चढून येईपर्यंतची जी मिनिटं होती, त्या मिनिटांत ती मुलगी तुमच्या कराराप्रमाणे कोणाच्या ताब्यात होती?

त्या माणसाचं नाव लिहून द्या.